नवीन ॲडमिनना सर्टिफिकेट नंतर, आधी रिस्टोअर

चाकणचा कारखाना, अडीचशे-तीनशे पीसी, हाताखाली दोन नवीन पोरं आणि एचआर म्हणतंय तीन महिन्यांत दोघांना ‘सर्टिफाइड’ करून दाखवा. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण थेट याच जागी मी उभा होतो. सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) लावू की विंडोज सर्व्हरचा कोर्स, आणि शिकून लगेच सोडून जाणार नाही असा बाँड लिहून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. दोन्हीवर बोलतो, पण आधी यात खरं नुकसान कुठे होतं ते सांगतो.

सबनेटिंग, व्हीलॅन, डीएचसीपी हे नेटवर्किंगचे धडे क्लासमध्ये होतातच, त्यावर वेळ घालवत नाही. माझा अनुभव कारखान्यांच्या सर्व्हर रूमचा आहे. तुमचं बरंचसं क्लाउडवर गेलं असेल, तर यातलं काही तुम्हाला लागू पडणार नाही.

आमच्याकडे प्रशिक्षण एचआरच्या ताब्यात होतं. त्यांनी कोटेशन मागवली, सगळ्यात स्वस्त संस्था घेतली आणि तिच्याकडून एकच आकडा मागितला: किती जण पास. संस्थेने जुने प्रश्न घोकून घेतले आणि तो आकडा दिला. पोरं हुशार होती, दोघंही पहिल्या फटक्यात पास. मी मात्र लेखी, पुन्हा पुन्हा, एकच मागत होतो: एक रविवार द्या, या दोघांकडून बॅकअपवरून डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा मुख्य सर्व्हर) वेगळ्या मशिनवर उभा करून घेतो, म्हणजेच रिस्टोअर. उत्तर यायचं की रविवारचा ओव्हरटाइम ट्रेनिंगच्या बजेटमध्ये बसत नाही, आणि बॅकअप तर रोज होतोच आहे. होत होता. रोज सकाळी ‘सक्सेसफुल’ची मेल येत होती. दुसऱ्या डोमेन कंट्रोलरची मागणीही खरेदी विभागात पडून होती.

मग पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, यूपीएसच्या बॅटऱ्यांनी मान टाकली आणि सर्व्हर चालता चालता बंद पडला. वीज आल्यावर चालू केला तर लोगो, निळा स्क्रीन, रीस्टार्ट, परत लोगो. स्टॉप कोड शेवटी ‘२ई२’ असलेला, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, युजर आणि पीसींच्या मध्यवर्ती यादीचा, डेटाबेस उघडत नाही. नाइट शिफ्टच्या पोराला एफ-८ माहीत होतं, डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडही (डीएसआरएम, डिरेक्टरी बंद ठेवून दुरुस्ती करायचा मोड) माहीत होता, परीक्षेत त्यावर प्रश्न होता. तो त्या मोडमध्ये गेला आणि समोर पासवर्डची चौकट आली. डोमेन ॲडमिनचा पासवर्ड तिथे चालत नाही, कारण डिरेक्टरीच उठलेली नसते. तिथे लागतो तो वेगळा डीएसआरएम पासवर्ड, जो सर्व्हर डोमेन कंट्रोलर केला त्या दिवशी ठरवलेला असतो. आमचा सर्व्हर बसवणारा व्हेंडर कधीच धंदा गुंडाळून गेला होता. पासवर्ड कुठेच लिहिलेला नव्हता, आणि आमचा रोजचा बॅकअप सिस्टीम स्टेटचा, म्हणजे पूर्ण सर्व्हरचा नव्हे तर विंडोजच्या सेटिंग्ज आणि डिरेक्टरीचा, तो परत घ्यायला त्याच मोडमध्ये शिरावं लागतं. पोरगा फोनवर मला एकेक अंदाज वाचून दाखवत होता आणि प्रत्येक वेळी ‘नाही सर, नाही घेत’ म्हणत होता.

सकाळी पहिली शिफ्ट आली तेव्हा एकही लॉगिन होत नव्हतं. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा त्याच सर्व्हरवर, त्यामुळे लोकांच्या लेखी इंटरनेटही बंद. ईआरपी (माल-हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडेना, गेट पास हाताने लिहायला घेतले, डिस्पॅचचे ट्रक रस्त्यापर्यंत उभे. शेवटी एका यूएसबी डिस्कवर पूर्ण सर्व्हरची जुनी इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, सापडली, दोन-अडीच महिन्यांपूर्वीची. ती चढवली, डोमेन उठलं, आणि लगेच पुढचं दुखणं सुरू झालं. डोमेनमधल्या प्रत्येक पीसीचा स्वतःचा एक पासवर्ड असतो, तो पीसी साधारण ३० दिवसांनी आपणहून बदलतो. इमेज त्याहून जुनी, त्यामुळे एकेका पीसीवर ‘ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड’, म्हणजे डोमेन त्या पीसीला ओळखेना. शॉप फ्लोअरवर फिरून पीसी डोमेनमधून काढा, परत जोडा, युजरला नवा पासवर्ड द्या. यात आठवडा गेला. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये एचआरने विचारलं, ‘मुलं तर सर्टिफाइड होती ना?’ त्या प्रश्नाचा राग मला आजही येतो. त्या पोरांचा काडीचा दोष नव्हता. त्यांना जे कधी करूच दिलं नाही, ते रात्री एकट्याने करायची वेळ त्यांच्यावर आणली होती.

हे फक्त छोट्या कंपन्यांत होतं असं समजू नका. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचं नेटवर्क झोपवलं, तेव्हा आपल्या न्हावा शेवाला जेएनपीटीतलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. सर्व्हरचे बॅकअप त्यांच्याकडे होते, पण जगभरातले डोमेन कंट्रोलर एकमेकांशी सिंक होत असल्याने एक गेला तर दुसरा आहेच, या भरवशावर ते होते. सगळेच एकदम पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. तिथली इंटरनेटची लाइन इतकी हळू होती की त्याचा डेटा डिस्कवर घेऊन माणसाच्या हाती इंग्लंडला न्यावा लागला. पुढे त्यांनी सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी १० दिवसांत नव्याने उभे केले. तुमच्या पोरांना ही हकीगत जरूर सांगा. दुसरा डोमेन कंट्रोलर हवाच, पण दुसरा कंट्रोलर म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्यांना त्यातून चटकन कळेल.

आता करायचं काय. भंगारात निघालेला एखादा बरा डेस्कटॉप मागून घ्या, रॅम ३२ जीबी करा, एसएसडी टाका. त्यावर प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही, म्हणजे एकाच मशिनवर अनेक सर्व्हर चालवता येतात. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची इव्हॅल्युएशन आवृत्ती फुकट मिळते, शिकायला तेवढी पुरे. हे चालू नेटवर्कला जोडू नका, लॅबचा डीएचसीपी सर्व्हर ऑफिसच्या पीसींना आयपी वाटायला लागला तर दिवसाचं खोबरं होतं. त्यात दोन डोमेन कंट्रोलर पोरांनीच उभे करायचे आणि तुम्ही न सांगता ते बिघडवायचे. एका क्लायंटचं घड्याळ दहा मिनिटं मागे करा आणि लॉगिन का होत नाही ते शोधायला लावा. डोमेनमध्ये लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉसला डिफॉल्टने घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, हे पुस्तकात वाचलेलं विसरतं, असं शोधलेलं विसरत नाही. एक अख्खा ओयू (डिरेक्टरीतला युजर-पीसींचा गट) उडवा आणि परत आणायला सांगा. जुन्या स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधला लूप रोखणारी सोय) बंद करून पॅच कॉर्डची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये घाला, सगळे दिवे एकदम पिसाटासारखे लुकलुकायला लागतात. ते एकदा पाहिलेला माणूस पुढे रॅकसमोर उभा राहून लूप ओळखतो.

आणि दर महिन्याला एकदा खऱ्या बॅकअपवरून या लॅबमध्ये रिस्टोअर. पोरांच्या हातून, तुम्ही मागे खुर्चीवर, हात बांधून. माउस ओढून घ्यायचा मोह होईल, आवरा. किती वेळ लागला, कुठे अडलं, ते त्यांनीच लिहून ठेवायचं. लिहिताना इंग्रजीचा आग्रह धरू नका. आमच्याकडे मराठीत लिहिलेला रनबुक (अडचणीत काय करायचं त्याची पायरीवार वही) रात्रीचा सिक्युरिटीवाला फोनवर वाचून दाखवू शकायचा, याचा किती उपयोग झाला ते मलाच माहीत. डीएसआरएम पासवर्ड उद्याच बदलून घ्या. सर्व्हर चालू असताना विंडोजच्याच एनटीडीएसयूटिल या कमांडने तो रीसेट होतो, जुना आठवावा लागत नाही. नवा बंद पाकिटात, तिजोरीत.

जाता जाता एक, कारण क्लासमध्ये हे कुणी शिकवत नाही: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांच्या आत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. कळवायचं कुणी, हे आत्ताच ठरवा. नेमकं काय-काय कळवायचं ते तुमच्या कंपनीच्या वकिलाकडून तपासून घ्या, मी वकील नाही.

कोर्सचं म्हणाल तर सीसीएनए लावा, पण लॅबचे पहिले तीन महिने झाल्यावर. त्यातलं वाचलेलं तेव्हा कुठेतरी जाऊन बसतं. नेटवर्कचा सराव करायचा पॅकेट ट्रेसर सिस्कोकडूनच फुकट मिळतो. एमसीएसई या जुन्या सर्टिफिकेटच्या नावाने कुणी फी मागत असेल तर तिथून उठा, मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०२१ मध्येच बंद केलंय. एचआरला आकडा हवाच असेल, तर पास किती झाले याऐवजी ‘रिस्टोअरला लागलेले तास’ हा आकडा द्या. दर महिन्याला तो खाली येताना दिसला की त्यांनाही अहवालात दाखवायला काहीतरी मिळतं.

बाँड घेऊ नका, हे माझं ठाम मत. शिकवलं की पोरं सोडून जातात ही भीती मला कळते, आमच्या दोघांपैकी एक गेलाच. पण बाँडमध्ये अडकलेला ॲडमिन रात्री दोनला फोन उचलेलच असं नाही, आणि सगळे पासवर्ड त्याच्याकडे असतात. त्यापेक्षा नाइट कॉलचा वेगळा भत्ता मंजूर करून घ्या आणि दुसऱ्या डोमेन कंट्रोलरच्या मागणीसोबत एकाच अर्जात लावा, म्हणजे एकाच सहीत दोन्ही सुटतात. अर्जाचा मसुदा हवा असेल तर सांगा, टाकतो इथे.