गोठ्यातली पद्मिनी: इंजिनाआधी पत्रा पाहा

भाऊ, आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी कार वणीकडच्या गावात गोठ्यात कित्येक वर्षं उभी आहे. इंजिन आधी चालू करू, की सरळ डिझेल इंजिन बसवू, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही आत्ता नको. आधी गाडीखाली जा. गाडी भंगारात न देता घरीच दुरुस्त करून उभी करायची म्हणता, याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. फ्लोअरचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या आणि खांब, यांच्यावरच सगळी गाडी तोललेली असते. आपल्याकडची काळी माती त्या पट्ट्यांत शिरली की पाणी निघायची भोकं बुजवते, ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. त्यात गोठ्याचा ओलावा. वरचा रंग शाबूत दिसला तरी विश्वास ठेवू नका. पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. आवाज बद्द आला, तिथे टोक दाबून बघा. आत गेलं तर तो पत्रा संपला. त्यावर पुट्टी भरणारा डेंटिंगवाला भेटला, तर हात जोडून परत पाठवा.

पट्टी कापायची तर एका वेळी एकच बाजू. त्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा जोडून घ्या, नाहीतर बॉडी बसते आणि मग दार काही केल्या लागत नाही. जॅक उघड्या काळ्या मातीवर लावू नका, पावसाळ्यात तो रुततो. गोठ्यात निदान गाडीपुरता कोबा करून घ्या, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका, खाली स्टँड लावलेच पाहिजेत.

गावातला ट्रॉली-वखर जोडणारा वेल्डर हुशार असतो, पण त्याची आर्कची कांडी एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पाडते. तालुक्याला सीओटू (गॅस सोडत बारीक तारेने जोडणारा) वेल्डिंगवाला शोधा. एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा. पेट्रोलची टाकी मात्र वेल्डिंगला देऊच नका. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते.

इंजिन १०८९ सीसीचं, साधं, जुन्या मिस्त्र्यांच्या हातचं. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग हाताने फिरवून बघा. सेल्फ स्टार्टर लगेच मारू नका. जाम रिंगांनी सिलिंडर ओरखडतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब करतं. त्यांच्या जागी इथेनॉल सोसणारे घाला. ब्रेकचे सगळे रबर बदला, शंका आली तर लोखंडी नळ्याही. गाडी पळण्याआधी थांबली पाहिजे, यात तडजोड नाही.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. टॅक्सीच्या जोरावर चालणारा सुट्या भागांचा बाजार त्यामुळे आटत जाणार. काच, दिवे, दाराचे हँडल असं काही चांगलं दिसलं तर आत्ताच घेऊन ठेवा.

रंग दिवाळी ते होळीच्या मधे. श्रावणात उघडा पत्रा रातोरात तांबूस होतो, आणि आपल्या मे महिन्यात थिनर इतक्या झपाट्याने उडतो की रंग पत्र्यावर पोचेपर्यंत कोरडा पडतो. रंगानंतर पट्ट्यांच्या आत मेणाचा थर फवारून घ्या.

डिझेल इंजिनाचा विचार सोडा. व्हिंटेज नोंदणीच्या २०२१ च्या नियमात गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. तुमची २०२८ मध्ये ५० वर्षांची होईल. इंजिन बदलून ती वाट कशाला बंद करता? मात्र त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. रोज चालवायची असेल तर नेहमीचंच नूतनीकरण करा, फॉर्म २५. आजोबा हयात नसतील आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. ते काम वेल्डरला पैसे देण्याआधीच उरका.