आरसी डिकीत, डिकी सीलबंद

प्रश्न: मी रुग्णालयात नर्स आहे. रात्रपाळीला असताना बाहेर लावलेली माझी स्कूटर चोरीला गेली. आमच्या गावच्या पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, एफआयआरची प्रत माझ्याकडे आहे. काही महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या ठाण्यातून फोन आला की तुमची गाडी बेवारस सापडली आहे, घेऊन जा. गेले तर मूळ आरसी मागितली. मूळ आरसी गाडीच्याच डिकीत आहे. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, उघडून बघा म्हटलं, तर डिकीला सील आहे, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय उघडणार नाही म्हणाले. डुप्लिकेट आरसीसाठी आरटीओत गेले, तिथे आरसी हरवल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. पोलीस म्हणतात, आरसी हरवलेलीच नाही तर दाखला कसला? आमच्या गावचं ठाणं म्हणतं, गाडी आमच्या ताब्यात नाही. शेवटी एकाने सुचवलं की ‘आरसी एसटीत हरवली’ असं लिहून द्या, काम होऊन जाईल. कर्जाचे हप्ते चालू आहेत, विम्याचा क्लेम पडून आहे. काय करू?

उत्तर: ताई, ‘आरसी एसटीत हरवली’ असं कुठेही लिहून देऊ नका. तक्रारीत नको, प्रतिज्ञापत्रात तर मुळीच नको. आज ना उद्या ती डिकी पंचांसमक्ष उघडेल, पंचनाम्यात आरसीची नोंद होईल आणि शेजारी तुमच्या सहीचा ‘हरवली’ असा कागद असेल. खोटी माहिती देणं आणि खोटं प्रतिज्ञापत्र करणं हे वेगळे गुन्हे आहेत. सुचवणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण अडचण आली तर निस्तरायला तो येणार नाही. चोरी जिची झाली, तिलाच खरं बोलून काम होत नाही म्हणून खोटं बोलायला सांगितलं जातं, याचा मला मनापासून संताप येतो. आजवर तुमच्या प्रत्येक कागदावर खरं तेच लिहिलेलं आहे, आणि पुढचं सगळं त्याच जोरावर करायचं आहे.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम १०६ प्रमाणे पोलीस चोरीची किंवा संशयास्पद वस्तू जप्त करू शकतात, मात्र त्या जप्तीचा अहवाल त्यांनी ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना द्यायचा असतो. त्याच कलमाचं पोटकलम ३ तुम्हाला आजवर कोणी वाचून दाखवलेलं नाही. वस्तू कोर्टात नेणं सोयीचं नसेल, ती नीट ठेवायला जागा नसेल, किंवा तपासासाठी ती ताब्यात ठेवण्याची गरज उरली नसेल, तर ‘कोर्ट सांगेल तेव्हा हजर करीन’ असं बंधपत्र घेऊन पोलीस अधिकारी स्वतः ती एखाद्याच्या ताब्यात देऊ शकतो. जुन्या संहितेच्या कलम १०२ मध्येही ही तरतूद होती. म्हणजे ‘कोर्टाच्या ऑर्डरशिवाय देताच येत नाही’ हे वाक्य कायद्यात नाही. देणं बंधनकारक नाही, हे खरं. पण देण्याचा अधिकार आहे आणि तो अशाच प्रसंगासाठी आहे.

मग तो वापरत का नाहीत? मुद्देमाल कारकुनाच्या बाजूने एकदा विचार करा. गाडी न देता ठेवली, ती गंजली, बॅटरी गेली, तर त्याला कोणी विचारत नाही. गाडी दिली आणि उद्या दुसरा कोणी मालक म्हणून उभा राहिला, तर खातेनिहाय चौकशी त्याच्यावर येते. साहजिकच सगळ्यात सुरक्षित उत्तर म्हणजे ‘ऑर्डर आणा’. समोर नर्सच्या गणवेशात बाई उभी आहे, हातात एफआयआर आहे, गाडीची दुसरी किल्ली आहे, आणि मुळात फोन करून तिला बोलावलंय तेही याच ठाण्याने. गाडी तुमची आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच तो फोन आला. एवढं असूनही तो माणूस डोळ्यांपुढचं बघत नाही, पुढे लागू शकणारी चौकशी बघतो. हे मला मान्य नाही. पण त्याच्याशी भांडून ते बदलणारही नाही. गाडी देणं त्याच्यासाठी सुरक्षित होईल, इतका भक्कम कागद त्याच्या हातात ठेवायचा. या प्रकरणात माझा सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती आहे.

तो कागद म्हणजे लेखी अर्ज. आजवर तुमचं सगळं तोंडी झालं, म्हणून सगळी उत्तरंही तोंडीच मिळाली. गाडी ज्या ठाण्यात आहे तिथल्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही-शिक्क्याची पोच घ्या. ठाणे अंमलदार पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. मजकूर साधारण असा:

‘माझी वरील क्रमांकाची स्कूटर चोरीस गेल्याबाबत अमुक पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल असून एफआयआरची प्रत सोबत जोडली आहे. सदर वाहन आपल्या ताब्यात आहे. वाहनाचे मूळ नोंदणी प्रमाणपत्र वाहनाच्या डिकीत असून डिकीस सील आहे. तरी पंचांसमक्ष सील काढून डिकी उघडावी, त्यातील वस्तूंचा पंचनामा करावा, चॅसिस व इंजिन क्रमांक माझ्या कागदपत्रांशी पडताळावा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १०६(३) प्रमाणे बंधपत्र घेऊन वाहन माझ्या ताब्यात द्यावे. तसे करणे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे, तसेच सदर जप्ती कोणत्या गुन्हा किंवा नोंद क्रमांकाखाली आहे व तिचा अहवाल कोणत्या न्यायालयास पाठवला आहे, हेही कळवावे.’

यातल्या शेवटच्या दोन मागण्या गाळू नका. पुढे कोणत्या कोर्टात जायचं, हे त्यांच्या उत्तरावर ठरतं.

सील कोर्टाने लावलेलं नाही, पोलिसांनी लावलंय. ज्याने पंचांसमक्ष लावलं, त्याला पंचांसमक्ष काढता येतं, फक्त ती कृती पंचनाम्यात यायला हवी. आत रेनकोट, सर्व्हिसिंगचं पुस्तक, आणखी काय काय होतं ते आठवून अर्जातच लिहा. आतल्या वस्तू तुम्ही आधीच बरोबर सांगितल्या, तर तुमच्या मालकीचा तो स्वतंत्र पुरावा होतो.

मूळ आरसी हातात नसली तरी मालकी सिद्ध होते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधून आरसी काढा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१८ सालीच या दोन्हींवरची कागदपत्रं मूळ प्रतीच्या बरोबरीने ग्राह्य धरा असं राज्यांना कळवलं, आणि त्याच वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवण्याची सोय केली. हा नियम मुख्यतः रस्त्यावरच्या तपासणीचा आहे, त्यामुळे कारकून ‘इथे चालत नाही’ म्हणेल. म्हणून सोबत आरटीओकडून वाहनाच्या नोंदणीचा तपशील शिक्क्यासह घ्या, त्यासाठी हरवल्याचा दाखला लागू नये. शिवाय खरेदीचं बिल, विमा पॉलिसी आणि कर्जाचं खातेपत्रक जोडा. गाडीवर बोजा असल्याने बँकेकडून ‘ताबा मालकास देण्यास हरकत नाही’ असं पत्र घेतलंत तर कोर्टातला एक प्रश्न आधीच मिटतो.

तुमच्या गावच्या ठाण्याचं ‘गाडी आमच्या ताब्यात नाही’ हे उत्तर खरं आहे, पण त्यामुळे त्यांचं काम संपत नाही. चोरीचा गुन्हा त्यांच्याकडे आहे आणि त्या गुन्ह्यातला माल कुठे आहे हे आता कळलंय. तो ताब्यात घेऊन आपल्या गुन्ह्याला जोडणं हे तपास अंमलदाराचं काम आहे. एका ठाण्याने दुसऱ्या ठाण्याला पत्र द्यायचं असतं. ती पत्रं घेऊन तुम्ही दोन जिल्ह्यांत हेलपाटे घालायचे नसतात. त्यांनाही गुन्हा क्रमांक घालून एका पानाचा अर्ज द्या. ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही असा तपास थांबवण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली आहे का, हेही त्यात विचारा. पाठवली असेल तर माल मिळाल्याचं त्या कोर्टाच्या रेकॉर्डवर यायलाच हवं.

आठ-दहा दिवसांत हालचाल झाली नाही तर थेट दंडाधिकाऱ्यांकडे जा. वरिष्ठांकडे तक्रार आधी करावी असं अनेकांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. पोलीस अधीक्षकांकडे अर्ज जरूर करता येतो, पण तो फिरत फिरत त्याच ठाण्यात ‘चौकशीसाठी’ येतो आणि तुमच्या जबाबासाठी तुम्हालाच पुन्हा बोलावलं जातं. तुम्हाला गाडी हवी आहे, आणि ती कोर्टाच्या आदेशाने लवकर मिळेल.

कोर्टात अर्ज त्याच नव्या संहितेच्या कलम ५०३ खाली करायचा. जप्तीचा अहवाल गेला आहे, पण माल कोर्टात हजर केलेला नाही, अशा परिस्थितीसाठी ते कलम आहे. गाडी तुमच्या गावच्या गुन्ह्यात वर्ग झाली असेल तर अर्ज तुमच्या तालुक्याच्या कोर्टात, नाहीतर जिथे जप्तीचा अहवाल गेला तिथे. कोर्ट पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवेल. पोलीस बहुतेक ‘योग्य तो आदेश व्हावा’ एवढंच लिहितात, म्हणजे त्यांचाही विरोध नसतो. ठाण्यात पोच घेतलेला अर्ज इथे उपयोगी पडतो.

अर्जात सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा उल्लेख जरूर करा. जप्त गाड्या पोलीस ठाण्यात दीर्घकाळ ठेवून काही उपयोग नाही, योग्य बंधपत्र आणि हमी घेऊन दंडाधिकाऱ्यांनी तातडीने आदेश द्यावा, आणि मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते एक महिना याहून जास्त राहू नये, असं त्यात सांगितलं आहे. ते प्रकरण उभं राहिलं होतं ते ठाण्यातल्या मुद्देमालातच पोलिसांनी अफरातफर केल्याच्या आरोपातून. म्हणजे कारकुनाच्या भीतीला आधार आहे. पण न्यायालयाने त्यावर सुचवलेला उपाय माल आणखी घट्ट धरून ठेवण्याचा नव्हता. फोटो, पंचनामा आणि हमी घेऊन तो लवकर मोकळा करा, असं न्यायालयाने सांगितलं. नव्या संहितेच्या कलम ४९७ नेही हेच सूत्र घेतलं आहे: कोर्टासमोर आलेल्या मालाचं वर्णन चौदा दिवसांत, फोटो किंवा व्हिडिओ, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. पुरावा म्हणून ते फोटो चालतात, त्यासाठी गाडी पावसात उभी ठेवावी लागत नाही.

वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. मालक स्वतःही हा अर्ज करू शकतो, पण तुमच्या ड्यूटीच्या वेळा बघता तारखांना उभा राहायला वकील असलेला बरा.

विमा कंपनीला गाडी सापडल्याचं आजच लेखी कळवा. क्लेम मंजूर होऊन पैसे खात्यात आले आणि मागून गाडीही घरी आली, तर तुमच्यावर फसवणुकीचा ठपका येऊ शकतो. बॅटरी किंवा चाक गेलं असेल, तर त्या नुकसानीची भरपाई पॉलिसीत बसते का, ते त्याच पत्रात विचारा.

कोर्टाचा आदेश साधारण अटींवर होतो: बंधपत्र, गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावल्यावर हजर करायची. खटला संपेपर्यंत त्या पाळा. ताबा घेताना ताबा पावतीवर घाईने सही करू नका. आधी चॅसिस क्रमांक स्वतः वाचा, मोबाईलवर व्हिडिओ काढा, किलोमीटरचा आकडा टिपा आणि जे गायब आहे ते पावतीवर लिहायला लावा. बरोबर मेकॅनिक आणि टेम्पो न्या, इतके महिने उभी राहिलेली गाडी चालवत आणू नका.

विमा आणि पीयूसी संपलेलं असेल तर गाडी रस्त्यावर काढण्याआधी दोन्ही करून घ्या. तुमच्या नंबरवर ई-चलनं आली आहेत का, हेही तपासा, कारण चोराने सिग्नल तोडला असेल तर चलन तुमच्या नावावर येतं. चोरीच्या तारखेनंतरची चलनं भरू नका. एफआयआरची प्रत जोडून वाहतूक पोलिसांकडे त्यांची तक्रार नोंदवा.