आईच्या गुडघेदुखीसाठी 'विजया तेल' मागवावं का? लातूरहून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

विजया म्हणजे भांग. आधी बाटलीवरचं नाव नीट वाचा. 'हेम्प सीड ऑइल' म्हणजे भांगेच्या बियांचं तेल. ते खाद्यतेल आहे, त्यात औषधी घटक जवळजवळ नसतात. बरेच जण तिथंच फसतात.

पानांच्या अर्कात दोन घटक महत्त्वाचे: टीएचसी (नशा, भूक, थोडा वेदनाशमक गुण) आणि सीबीडी (नशा नाही). सीबीडीचा सगळ्यात भक्कम पुरावा मुलांच्या काही दुर्मिळ अपस्मारांत आहे. अमेरिकेत 2018 साली त्यासाठी औषध मंजूर झालं. गुडघ्याच्या झिजेत मात्र पुरावा कच्चाच.

मात्रेचा हिशोब मिलिग्रॅममध्ये करा. 10 मिलीच्या बाटलीत औषधी घटक 500 मिग्रॅ असेल तर 1 मिलीत 50, आणि साधारण 20 थेंबांचा मिली धरला तर थेंबाला अडीच मिग्रॅ. पोटातून घेतलं की असर यायला अर्धा ते दोन तास लागतात. 'काहीच होईना' म्हणून लगेच दुसरा डोस घेतला की चक्कर, धडधड, घाबरगुंडी. म्हाताऱ्या माणसाचं पडणं तर गुडघेदुखीपेक्षा महागात जातं.

रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन चालू असेल तर सीबीडीमुळे तिचा असर वाढतो. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोच. घरात कुणाला मानसिक आजार असेल तर टीएचसी टाळा.

आयुर्वेदात विजया वैद्याच्या देखरेखीखालीच देतात, तेव्हा चिठ्ठी घ्या. आणि तुरीच्या ओळीत भांगेचं एखादं झाड लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्याशिवाय एक झाड लावणंही गुन्हा आहे.