उघड्यावरच्या टाकीत सागरी माशांची पिल्लं जिवंत प्लँक्टनवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांवर) वाढवताना सहाव्या-सातव्या दिवशी सगळी का मरतात?

तुम्ही लिहिलंय की अंडी छान फुटली, टाकीतलं पाणी हिरवंगार होतं, तीन-चार दिवस पिल्लं पोहताना दिसत होती आणि मग सहाव्या-सातव्या दिवशी बघावं तर टाकी रिकामी, तेव्हा चुकलं कुठे. वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं कारण माझ्या पहिल्या दोन बॅचेस डिट्टो अशाच गेल्या होत्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हिरवं पाणी हे पिल्लांचं खाणं नाही, पिल्लांच्या खाण्याचं खाणं आहे. समुद्री माशांची बहुतेक पिल्लं एकपेशीय शेवाळावर जगत नाहीत, त्यांना हलणारं, उडी मारणारं काहीतरी लागतं. म्हणजे रोटिफर (डोळ्यांना जेमतेम दिसणारा बारीक जीव), कोपेपॉड या कोळंबीच्या नात्यातल्या चिमुकल्या जिवाची पिल्लं (त्यांना नॉप्ली म्हणतात, पुढे तोच शब्द वापरतो) असलं काहीतरी. पाणी कितीही हिरवं असलं आणि त्यात नॉप्ली नसतील तर पिल्लाच्या दृष्टीने ती टाकी म्हणजे वाळवंट.

आता दिवसांचा हिशोब बघा. साधारण २८ डिग्रीच्या पाण्यात अंड्यातून आलेलं पिल्लू दीड ते अडीच मिलिमीटरचं असतं, तोंड उघडलेलं नसतं, डोळे काळे झालेले नसतात, पोटाखाली पिवळ्या बलकाची शिदोरी असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड उघडतं आणि त्याच सुमाराला शिदोरी संपते. तिथून पुढे जेमतेम एक-दोन दिवसांत पोटात काही पडलं नाही तर पिल्लू अशा टप्प्याला जातं की नंतर तुम्ही समोर कितीही खाणं ओतलं तरी त्याच्यात ते पकडायची ताकदच उरत नाही, पण पोहत मात्र असतं! म्हणून आपल्याला वाटतं की सगळं ठीक चाललंय. सहाव्या दिवशी मेलेलं पिल्लू खरं तर चौथ्या दिवशीच गेलेलं असतं, आपल्याला कळतं उशिरा एवढंच. नॉर्वेच्या योहान योर्ट या शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये समुद्रातल्या माशांबद्दल हाच अंदाज मांडला होता, की एखाद्या वर्षी मासे भरपूर का आणि एखाद्या वर्षी नगण्य का याचं एक मोठं कारण म्हणजे पिल्लांच्या पहिल्या घासाच्या वेळी प्लँक्टन होतं की नव्हतं. तुमची टाकी म्हणजे त्याचंच छोटं रूप समजा.

माझी पहिली चूक सांगतो. मला वाटलं जितकं जुनं पाणी तितकं प्लँक्टन जास्त, म्हणून पिल्लं सोडायच्या वीस दिवस आधी टाकी भरली, खत घातलं आणि रोज बादलीत पाणी घेऊन उन्हात धरून बघायचो. वळवळणारे जीव दिसायचे, मी खूश. पिल्लं सोडली. चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणालं सूक्ष्मदर्शकाखाली बघ तरी, तर बघितल्यावर पिल्लांची पोटं काचेसारखी रिकामी, आणि पाण्यात जे वळवळत होतं ते सगळे मोठे प्रौढ कोपेपॉड, माझ्या पिल्लांच्या तोंडाच्या कितीतरी मोठे, शिवाय चिमुकल्या जेलीफिश. त्यातले काही कोपेपॉड आणि त्या जेलीफिश उलट पिल्लांनाच खातात. म्हणजे मी पिल्लांसाठी जेवण मांडलं नव्हतं, पिल्लंच जेवण म्हणून वाढली होती.

भरलेल्या पाण्याला एक क्रम असतो. खत पडल्यावर उबदार पाण्यात तीन ते पाच दिवसांत शेवाळ वर येतं, त्याच्या मागून एकपेशीय सिलिएट आणि रोटिफर, मग साधारण आठवडा-दहा दिवसांच्या आसपास कोपेपॉडच्या नॉप्लीची लाट, मग त्याच नॉप्ली मोठ्या होऊन प्रौढ, आणि शेवटी खाणारे जास्त अन् शेवाळ कमी होऊन सगळं कोसळतं. तुमच्या पिल्लांचं तोंड उघडायचा दिवस नॉप्लीची लाट चढत असताना यायला पाहिजे, लाट पूर्ण चढल्यावर नाही. म्हणून टाकी भरायची तारीख अंड्यांच्या तारखेवरून उलटी मोजा. पिल्लं सोडायची पण तोंड उघडायच्या आधीच, पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी, म्हणजे पहिला घास त्यांना तिथेच मिळतो आणि हाताळताना मार पण कमी बसतो. सोडताना तापमान आणि खारेपणा जुळवून घ्या हे सांगायला नकोच.

नॉप्लीचा एवढा हट्ट का, रोटिफर का नको? रोटिफर वाईट नाही, लहान जातीचा रोटिफर १०० ते २०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि जिताड्यासारख्या माशाच्या पिल्लाला पहिल्या घासापासून चालतो. पण रोटिफर म्हणजे पिशवी, त्याने जे खाल्लं तेच पिल्लाला मिळतं. पिल्लाच्या मेंदूला आणि डोळ्यांना डीएचए हे फॅटी ॲसिड लागतं आणि रोटिफरला नेहमी चारतात त्या नॅनोक्लोरोप्सिस शेवाळात ईपीए हे दुसरं फॅटी ॲसिड भरपूर पण डीएचए जवळजवळ नसतंच. हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) रोटिफरला तेलाचं मिश्रण चारून मग पिल्लांना देतात, बाहेरच्या मोठ्या टाकीत मात्र ते चारलेलं काही तासांत उतरतं. कोपेपॉडच्या अंगात डीएचए मुळातच असतं. दुसरं म्हणजे मापं. अंड्यातून आलेली नॉप्ली काही जातींमध्ये ६०-७० मायक्रॉनची असते, मग नॉप्लीचे सहा टप्पे आणि त्यापुढचे वेगळे, म्हणजे पिल्लाचं तोंड जसं मोठं होतं तसा घासही आपोआप मोठा होत जातो. हॅचरीत चारतात त्या आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जिवाची नॉप्ली ४५० मायक्रॉनच्या आसपास, ती पहिल्या आठवड्यात हेकरूच्या (ग्रूपर माशाच्या) पिल्लाच्या तोंडात जाणारच नाही. आणि तिसरं, नॉप्ली थांबते, टुणकन उडी मारते, परत थांबते, ही हालचाल बघितली की पिल्लू झडप घालतं. मी हे बघत तासभर बसलेलो आहे, घरचे म्हणतात टीव्ही बघ त्यापेक्षा.

उघड्यावरची पद्धत काही जुगाड नाही बरं का. टेक्ससमध्ये रेड ड्रम, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला जिताडा, तैवानमध्ये हेकरू, नॉर्वेत कॉड, ही सगळी पिल्लं खत घातलेल्या तलावांत किंवा बंदिस्त केलेल्या खाडीत नैसर्गिक प्लँक्टनवर वाढवून झालेली आहेत. फक्त तिथे डोळ्यांच्या अंदाजावर कुणी पिल्लं सोडत नाही, मोजून सोडतात.

मोजायचं कसं तर अगदी सोपं आहे. टाकीच्या चार-पाच जागांवरून, वरून आणि खालून मिळून २० लिटर पाणी घ्या (दुपारी कोपेपॉड तळाला जातात म्हणून पहाटे घ्या, आणि रोज त्याच वेळेला), ५० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, जाळीवर राहिलेलं १०० मिली पाण्यात उतरवा आणि त्यातलं १ मिली स्लाइडवर मोजा. आलेल्या आकड्याला ५ ने गुणलं की लिटरमागे किती ते कळतं. ४० दिसले म्हणजे लिटरला २००. नॉप्ली वेगळ्या आणि प्रौढ वेगळे मोजा, नाहीतर माझ्यासारखं होईल. दोन दिवस सलग मोजून नॉप्ली वाढतायत असं दिसलं की सोडा.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट, ५० हजार लिटरच्या टाकीत तुम्ही अडीच लाख पिल्लं सोडलीत. म्हणजे लिटरला ५. हॅचरीवाले याच्या कितीतरी पट सोडतात हे खरं आहे पण ते दिवसातून तीन-चार वेळा बाहेरून रोटिफर ओततात, तुमची टाकी खाणं स्वतःच पिकवून स्वतःच पिल्लांना वाढणार आहे. लिटरला २०० नॉप्ली धरल्या तर टाकीत एकूण १ कोटी. एका पिल्लाने दिवसाला १०० जरी खाल्ल्या, आणि थोडं मोठं झाल्यावर त्याहून बऱ्याच जास्त खातं, तरी अडीच लाख पिल्लांना २.५ कोटी लागतात. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत भांडं खरवडून रिकामं! त्याऐवजी २५ हजार सोडली असतीत तर रोजचे २५ लाख, टाकीचा पाव हिस्सा, तेवढं कोपेपॉड भरून काढायचा प्रयत्न तरी करू शकतात. कमी सोडा, जास्त काढाल. हे ऐकायला सगळ्यांना जड जातं, मलाही गेलं होतं.

पाणी आत घेताना ३०० मायक्रॉनच्या जाळीच्या पिशवीतून घ्या, बारके कोपेपॉड आत येतात आणि मोठे शिकारी बाहेर राहतात. तुमच्या पाण्यात मुळात कोपेपॉड कमी असतील तर समुद्रातून बारीक जाळ्याने ओढून, गाळून, बियाणं म्हणून सोडावे लागतील. ते टाकी भरल्यावर लगेच, पिल्लांच्या आदल्या दिवशी नाही. खत एकदम ओतू नका, थोडं थोडं, आणि पांढरी तबकडी पाण्यात सोडल्यावर ३० ते ५० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली की थांबा. त्याहून दाट केलंत तर दुपारी पीएच ९ च्या वर जातो आणि पाण्यातला अमोनिया विषारी रूपात येतो, त्यात युरिया जास्त पडला असेल तर विचारूच नका, आणि पहाटे उलटा प्रकार, तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन खाऊन बसतं. म्हणून ऑक्सिजन दुपारी मोजून काही उपयोग नाही, सूर्य उगवायच्या आधी मोजा. हवेचे बुडबुडे हळू ठेवा, तीन मिलिमीटरच्या जिवाला जोराचा बुडबुडा म्हणजे वॉशिंग मशीन.

माझी दुसरी बॅच गेली ती वेगळ्याच कारणाने. पोटं भरलेली, नॉप्ली भरपूर, तरी पिल्लं तिरकी पोहायला लागली आणि संपली. कारण पंपाचं तेल गळून पाण्यावर पातळ तवंग आला होता. बऱ्याच जातींच्या पिल्लांना पहिल्या काही दिवसांत वर येऊन हवेचा एक घोट घ्यावा लागतो, त्याशिवाय आतली हवेची पिशवी फुगत नाही, आणि तवंग असला की तो घोटच घेता येत नाही. जिताड्याच्या टाकीवर म्हणूनच तवंग ओढून घेणारी चौकट लावतात. गंमत म्हणजे हेकरूच्या बाबतीत पहिल्या दिवसांत उलटं करतात, त्याची पिल्लं पाण्याच्या पृष्ठभागालाच चिकटून मरतात म्हणून मुद्दाम तेलाचा अगदी पातळ थर देतात आणि नंतर तो काढून टाकतात.

म्हणून मासा कुठला आहे ते आधी लिहा, ते तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही. आणि फोटोत पाण्याचा रंग दिसतोय पण मला रंगाशी काही घेणं नाही. पुढच्या वेळी चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, उजेड चांगला असताना, दहा पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली धरा आणि किती जणांच्या पोटात काही आहे ते मोजून इथेच टाका. दहातल्या आठांची भरलेली असतील तर आपण तवंग आणि ऑक्सिजनकडे बघू, दोघा-तिघांचीच असतील तर टाकी उशिरा किंवा लवकर भरली गेली आणि त्या बॅचवर आणखी पैसे घालू नका.