कडेचे केस सांभाळ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मोठा करकरून पाहिला. टाळूवर रुपयाएवढा गुळगुळीत, चकचकीत भाग, त्यात मध्येच एकटे उभे असलेले दोन-तीन केस. कडेला जे केस आहेत त्यांच्या मुळाशी पांढरट पापुद्रा आणि भोवती लाली. डॉक्टरांना लायकेन प्लॅनोपायलॅरिसची, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती केसांची मुळं कायमची मारते त्या आजाराची, शंका आहे आणि त्यांनी बायोप्सी सांगितली आहे, ती तू महिनाभर टाळते आहेस. मलाही हाच आजार आहे. तू आठवीत होतीस तेव्हा मी टॉपर, म्हणजे टाळूवर क्लिपांनी बसवायचा केसांचा तुकडा, लावूनच वर्गावर यायची. तुमच्यापैकी कुणाला कळलं नाही, किंवा कळलं असलं तरी तोंडावर बोलायची छाती नव्हती.

तुझी आजी याला चाई म्हणते आणि कांद्याचा रस चोळायला सांगते. चाई वेगळी गं. चाईतही आपलीच प्रतिकारशक्ती केसावर उलटते, पण तिचा मारा केसाच्या तळाच्या गाठीवर असतो. केस पुन्हा उगवण्यासाठी लागणाऱ्या मूळपेशी त्याच्या जरा वर असतात, त्या वाचतात. म्हणून चाईचे केस पुष्कळदा आपले आपण परत येतात, आणि श्रेय कांद्याला मिळतं. आपल्या आजारात नेमक्या त्या मूळपेशीच मरतात. मग केसाचं छिद्र बुजतं आणि तिथे व्रण भरतो. बुजलेल्या जागेतून कांदा, जास्वंद, माका, कशानेही काही उगवत नाही. उलट चोळल्याने आधीच जळजळणारं कातडं आणखी चिडतं. आजीशी भांडू नकोस, कांद्याचा रस तेवढा बाजूला ठेव.

म्हणूनच बायोप्सीची घाई. गुळगुळीत भागातले केस गेले ते गेले, त्यावर रडायचं असेल तर रडून घे. पण कडेचे अजून जिवंत आहेत आणि सगळे उपचार त्यांच्यासाठी आहेत. बायोप्सीत सुमारे ४ मिलिमीटरचा तुकडा घेतात, पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही बारीक. भुलीचं इंजेक्शन टोचतं, पुढचं कळत नाही. एखाद-दुसरा टाका पडतो. तुकडा मात्र लाल कडेवरून घेतला पाहिजे. मधल्या गुळगुळीत जागेतून घेतला तर रिपोर्टात नुसता व्रण दिसतो, तो कशाने झाला ते कळत नाही. हे डॉक्टरांना ठाऊक असतंच, तरी विचारायला लाजू नकोस.

कारण कळणं गरजेचं आहे, कारण असे आजार बरेच आहेत. डिस्कॉइड ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती कातडीवर उलटण्याचा दुसरा एक आजार, असेल तर उन्हापासून जपावं लागतं आणि रक्त-लघवीच्या तपासण्या होतात. कपाळाकडून केसांची रेघ मागे सरकत जाणारा, भुवयाही विरळ करणारा एक प्रकार आहे. १९९४ साली ऑस्ट्रेलियात कोसार्ड नावाच्या डॉक्टरांनी पाळी गेलेल्या सहा बायकांमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. आणि वर्षानुवर्षं ताणून घट्ट वेणी घातल्याने कानशिलांवरचे केस जातात तेही सुरुवातीला परत येतात, नंतर तिथेही व्रण होतो. तुझी वेणी आजपासून सैल.

औषधांचं सांगते. वरून लावायचं जोरदार स्टेरॉइड, कडेला दर चार-सहा आठवड्यांनी स्टेरॉइडची इंजेक्शनं, पोटात बहुधा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ही गोळी फार सावकाश काम करते, कित्येक महिने घेते. तिच्यासाठी सुरुवातीला डोळे तपासून घ्यायचे, आणि पाच वर्षं झाली की दरवर्षी. पुढे मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफिनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची वेळ आली तर मूल होऊ देण्याचा विचार डॉक्टरांना आधी सांगायचा, कारण ती औषधं गरोदरपणात चालत नाहीत. तोंडात आतल्या बाजूला पांढऱ्या रेषा किंवा तिखटाने आग, नखांवर उभ्या चिरा, योनीजवळ जळजळ, यातलं काहीही असलं तर तेही सांग. हाच आजार तिथेही जातो आणि आपण बायका नेमकं तेच सांगत नाही.

खरी कसोटी पुढे आहे. हे औषध लागू पडलं की काहीच घडत नाही. खाज थांबते, लाली उतरते, चट्टा आहे तेवढाच राहतो. घरचे म्हणतात, एवढ्या गोळ्या खाऊन केस कुठे आले? तेव्हा गोळ्या सोडाव्याशा वाटतात. म्हणून महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, तसाच भांग पाडून बहिणीकडून फोटो काढून घे. सहा महिन्यांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवलास की चट्टा वाढला नाही हे डोळ्यांना दिसतं. कंगव्यातले केस मात्र मोजत बसू नकोस. निरोगी माणसाचेही दिवसाला ५० ते १०० गळतात. तुझं मोजमाप म्हणजे कडेची लाली, पापुद्रा आणि आग.

केस रोपणाचं पॅकेज विकणारे भेटतील, फोनवर सवलतही देतील. आजार पेटलेला असताना रोवलेले केसही तो खातो. निदान एक-दोन वर्षं पूर्ण शांत राहिला तरच तो विचार करायचा, आणि तेव्हाही खात्री नसते. मला विचारशील तर ते पैसे चांगल्या टॉपरवर घाल. क्लिपा रोज एकाच जागी लावू नकोस, घरी आलीस की आधी काढ. लग्नकार्यात लहान चट्टा झाकायला केसांच्या रंगाची फायबर पावडर पुरते. दुपारच्या उन्हात टोपी किंवा ओढणी घे, उघड्या टाळूला ऊन चटकन भाजतं.

स्थळांचं विचारलंस. पहिल्याच भेटीत डोकं दाखवायची गरज नाही, पण होकार जायच्या आधी मुलाला तू स्वतः सांग, आईमार्फत नको. संसर्ग नाही, कॅन्सर नाही, मुलं होण्याशी संबंध नाही, औषधं चालू आहेत, इतकंच. त्यावर ज्याचा चेहरा पडेल त्याची पत्रिका जुळत असली तरी काय करायचीय?

सोमवारी फोन करून तारीख घे. त्या दिवशी डोक्याला तेल लावून जाऊ नकोस, कडेची लाली नीट दिसली पाहिजे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा भुलीची ॲलर्जी असेल तर आधीच सांग. रिपोर्ट आला की पाठव, फोनवर एकेक ओळ वाचू.

तुझ्या बाई