तक्त्यातल्या ‘दूध येत नाही’ बद्दल

पोरी,

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला बाळंतिणींच्या तक्त्याचा फोटो मी चष्मा बदलून दोनदा मोठा करून बघितला. अक्षर छान आहे तुझं, माझ्या रजिस्टरपेक्षा तर फारच छान. पण ‘अंगावर न पाजण्याचं कारण’ या रकान्यात वरपासून ‘दूध येत नाही’, ‘दूध पुरत नाही’, परत ‘दूध येत नाही’, आणि मग तू कंटाळून नुसत्या वरीलप्रमाणेच्या खुणा करत खाली गेलीस. आणि शेवटी विचारलंयस की मॅडम या बायकांना आईच्या दुधाचं महत्त्व कसं पटवू, चांगलं पोस्टर कुठं मिळेल.

पोस्टर राहू दे गं. बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर माझी सगळी नोकरी गेली, आईचं दूध बाळाला चांगलं असतं हे माहीत नाही अशी बाई मला एकही भेटली नाही. माहिती सगळ्यांना आहे, अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेलं आहे, १ ते ७ ऑगस्टला दरवर्षी आपण सप्ताह पण करतो, रांगोळ्या, घोषणा, फोटो. बाई ‘दूध येत नाही’ म्हणते तेव्हा तिच्या मागं कुणीतरी उभं असतं, कधी सासू, कधी दवाखान्यातली चिठ्ठी, कधी ऊसतोडीचा मुकादम. ते कोण आहे ते शोध आणि रकान्यात ते लिही.

एक घर सांगते. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, लेकरू चार दिवसांचं. मी गेले तर लेकरू रडून लालबुंद झालेलं, आजी मांडीवर घेऊन बोंडल्यानं गाईचं दूध पाजतीये त्यात निम्मं पाणी, आणि बाळंतीण भिंतीकडं तोंड करून पडलेली. आजी म्हणाली, ‘दूधच न्हाई ओ सिस्टर हिला, चार दिस झाले वाट बघतोय.’ मी काही बोलले नाही, हात धुतले आणि पोरीला म्हणलं, एकदा माझ्यासमोर घे त्याला. घेतलं. लेकरू नुसतं टोक चोखत होतं, ती दात आवळून बसलेली, बोंडाला चीर पडलेली. म्हणजे दर वेळी पाजताना जीव जात होता तिचा आणि ते कुणी विचारलंच नव्हतं. पाठीमागं गोधडीची गुंडाळी दिली, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं, बाळानं जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबलो, मग लेकराला छातीकडं आणलं (बायका उलटं करतात, वाकून छाती लेकराकडं नेतात आणि पाठ मोडून घेतात). हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, काळा भाग बराचसा तोंडात गेला. थोड्या वेळानं गिळल्याचा आवाज यायला लागला, गटक, गटक. आजीनं बोंडलं खाली ठेवलं. बोलली काहीच नाही.

त्या घरी मला जेमतेम अर्धा तास लागला असेल. तुझ्या रकान्यात त्या घरापुढं ‘दूध येत नाही’ असंच आलं असतं.

आता हे जे चार दिवस आहेत ना, तिथंच सगळं बिघडतं. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किती, तर चमचा-दीड चमचा, आणि चीक असतोही तेवढाच. भरभरून दूध उतरतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझरवालीला कधी आणखी उशिरा. मधल्या काळात घरातले छातीकडं बघतात, भरलेली दिसत नाही, लेकरू रडतं, की लगेच वरचं दूध. वरचं पोटात गेलं की लेकरू झोपतं, झोपलं की ओढत नाही, ओढलं नाही की दूध बनत नाही, आणि आठवड्याभरानं खरंच दूध कमी झालेलं असतं आणि आजी म्हणते बघा मी सांगितलंच होतं. तिचं चुकीचं पण नसतं तेव्हा! म्हणून तू दूध किती येतं ते विचारू नकोस, शू किती वेळा होते ते विचार. पाचव्या दिवसानंतर दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय, रडणं कशानं पण असू शकतं.

चीक पिळून टाकायची पद्धत आता बरीच कमी झालीये पण संपलेली नाही, पिवळं घट्ट दिसतं म्हणून ‘खराब दूध’ म्हणतात. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटतो आपण, गूळ वेलदोडा घालून, आणि बाईचा चीक जमिनीवर. हे मी एकदा एका चावडीवर बोलले तर म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग त्यातलीच एक म्हणाली की खरंय बाई.

तुला वाटेल मी सगळा दोष सासूवर ढकलतीये. तसं नाही. दवाखान्याचं बघ. आपल्या देशात दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायका २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत ७९ टक्के होत्या, २०१९-२१ ला जवळजवळ ८९ झाल्या, एवढी मोठी उडी. आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं? ४१.६ वरून ४१.८. म्हणजे बाई दवाखान्यात आली, डॉक्टर आले, नर्स आली, तरी लेकराला पहिल्या तासात आई मिळत नाही. मी स्वतः लेबर रूममध्ये काम केलंय त्यामुळं कारण माहितीये, टाके घालायचे असतात, पुढची बाई कळा देत असते, बाळ पुसून गुंडाळून बाहेर नातेवाईकांच्या हातात, आणि नातेवाईकांच्या पिशवीत मध तयारच. सिझर असेल तर आणखी लांबतं. खरं तर आई शुद्धीत असली की टेबलावरच गालाला गाल लावता येतो आणि वॉर्डात आल्या आल्या आडवं झोपून पाजता येतं, फक्त कुणीतरी बाळ धरायला पाहिजे. ते कुणीतरी नसतं. एका खाजगी दवाखान्यात माझ्या भाचीलाच डिस्चार्जच्या कागदासोबत पावडरच्या डब्याचं नाव लिहिलेली छोटी चिठ्ठी दिली होती, भाचीला दूध भरपूर होतं तरी. १९९२ चा कायदा आहे, बाळाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, २००३ ला तो आणखी कडक केला, पण चिठ्ठीला कोण जाहिरात म्हणणार. अशी चिठ्ठी दिसली तर भांडत बसू नकोस, फोटो काढ आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दाखव.

आणि घरी ती चिठ्ठी आली की ती औषध होते. डॉक्टरनी लिहून दिलंय म्हणजे डब्यात काहीतरी ताकदीचं असणार. डबा परवडत नाही मग एका चमच्याचं दुप्पट पाणी.

सासूबद्दल माझी एक चूक सांगते, तू करू नकोस. नोकरीच्या सुरुवातीला मी एका घरी गेले, सासू सहाणेवर गुटी उगाळत होती, जायफळ, हळकुंड, वेखंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, सगळं ओळीनं मांडलेलं, आणि मी नवी नवी शिकून आलेली, चार बायकांच्या देखत तिला झापलं, असलं काही द्यायचं नाही, लेकरू आजारी पाडाल. ती शांतपणे उठली, सहाण उचलली आणि आत गेली. त्यानंतर त्या घरात मी गेले की सून ‘झोपलीये’ असायची. सहा महिने. लस द्यायला पण आशाताईला पुढं घालावं लागलं. गुटी ती देत होतीच, फक्त मला दिसेनाशी झाली.

मग शिकले. आता मी आधी तिला विचारते, मावशी तुमच्या वेळी कसं होतं, तुमचं लेकरू किती दिवस प्यालं, आणि ती सांगत सुटते, खुरपायला जाताना लेकरू पाटीत घालून न्यायचे, बांधावर बसून पाजायचे. त्यातूनच धागा पकडायचा, मावशी तुम्ही बांधावर पाजलं, हिला घरात बसून जमंल की. पाणी सुद्धा नको हे पटवायला सगळ्यात अवघड, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पत्रा तापतो तेव्हा कुणालाही वाटणार लेकराला तहान लागली असेल. मी म्हणते आईच्या दुधात शंभरात ८७-८८ भाग पाणीच आहे, गाळलेलं उकळलेलं फुकटचं, पाणी हिला पाजा म्हणजे लेकराला पोचंल. इथं दुसरी गोम अशी की बाळंतिणीलाच पाणी कमी देतात, पोट सुटतं म्हणून, ते बघत जा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू याला मी कधी नाही म्हणलं नाही, बाईला चार घास जास्त मिळतात ना, मिळू देत. मधाला मात्र ठाम नाही म्हण, वर्षाच्या आत मध नाही, त्यात आणि गुटीत फरक विचारला तर सांग मधानं क्वचित का होईना पण जिवावर बेतणारा आजार होतो. गुटी सहा महिने तरी थांबवा म्हण, आणि ऐकलंच नाही तर निदान सहाण उकळत्या पाण्यानं धुवायला लाव, संबंध तोडू नकोस.

आता ऊसतोड. तुझ्या तक्त्यात वस्तीवरची जी नावं आहेत त्यातली निम्मी दिवाळीनंतर तिथं नसणार हे तुला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांच्या नावावर घेतलेली, ती फेडायला कोल्हापूर सांगली सातारा नाहीतर कर्नाटकात, मार्च-एप्रिलपर्यंत. बाळंत झाली म्हणून बाई मागं राहिली तर कोयता अर्धा होतो, मुकादम ऐकत नाही. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, पैसे कापले. म्हणून महिना-दीड महिन्याचं लेकरू घेऊन बाई उसाच्या फडात असते. पहाटे अंधारात निघायचं, लेकरू कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीकडं, नाहीतर फडाच्या कडेला साडीच्या झोळीत. मी एकदा कारखान्यावर गेले होते आमच्याच गावच्या टोळीकडं, दुपारी बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढत होती, ब्लाऊज पुढून पूर्ण ओला, आणि खाली तिची मोठी पोरगी तान्ह्याला चहात बुडवलेलं बिस्कीट चोखायला देत होती. दूध येत नाही? अंगावरून वाहत होतं.

त्या बाईला स्तनपानाचे फायदे सांगायची माझी जीभ उचलली नाही. २०१७ पासून नोकरदार बाईला कायद्यानं २६ आठवडे रजा आहे, चांगलंच आहे, पण तिला त्यातला एक दिवस नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात, फडावर कुठला कक्ष. हिरकणीला निदान एकच कडा उतरायचा होता.

मग काय करता येतं, तर थोडंसंच, पण करता येतं. निघायच्या आधी, म्हणजे दसऱ्याच्या आसपासच, जाणाऱ्या बायकांची वेगळी यादी कर. त्यांना हातानं दूध काढायला शिकव, वाटी उकळून, काळ्या भागाच्या मागं अंगठा-बोट ठेवून दाबायचं, ओढायचं नाही. सावलीत झाकून ठेवलं तर चार तास चालतं, त्या बहिणीला वाटी-चमच्यानं पाजायला शिकव, ती पोर आहे पण तीच पाजणार आहे, बाटली अजिबात नको कारण तिथं धुवायला पाणीच नसतं. रात्री जेवढं ओढंल तेवढं ओढू दे, रात्रीच्या पाजण्यानं दूध टिकतं. माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत दे. आणि जमलं तर मुकादमाच्या बायकोशी बोल, मुकादमाशी नाही. एका टोळीत तिनंच ठरवून दिलं होतं की लेकुरवाळीनं दुपारी अर्धा तास कोपीवर जायचं, त्या वेळेची तिची मोळी बाकीच्या बांधतील.

मुलगी असली तर लवकर तोडतात, पुढचा मुलगा लवकर व्हावा म्हणून, हे कुणी तोंडानं सांगणार नाही, तुला वयावरून ओळखावं लागेल. आणि परत दिवस गेले की ‘दूध नासलं’ म्हणून एका दिवसात बंद करतात, तसं काही नसतं.

काही बायकांना खरंच जमत नाही, आजारी असतात, लेकरू कमी दिवसांचं असतं, ओढायची ताकद नसते. मुंबईत सायनला १९८९ पासून दुधाची बँक आहे, आशियातली पहिली, अशाच लेकरांसाठी काढलेली, आपल्याकडून मुंबई लांब आहे पण एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी तान्ह्यांच्या सरकारी कक्षात, विचारायला काय जातंय. अशा बाईपुढं तू ‘अमृत’ वगैरे शब्द वापरू नकोस. ती आधीच रात्रभर रडलेली असते.

तो तक्ता मला परत पाठव, नवीन भरून. रकाना तोच ठेव पण प्रश्न बदल, वरचं दूध पहिल्यांदा कुणी दिलं आणि त्या वेळी तू कुठं होतीस, एवढंच विचार. आणि वस्तीवर या आठवड्यातच जा, टोळ्यांच्या गाड्या यायला लागल्या की तुला बोलायला कुणी सापडणार नाही.

तुझी सिस्टर