काट्याचं वजन बिलिंगपर्यंत न्यायचं कसं?

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला माझं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे, राहायला नाशिकलाच. काटा वाचणारा प्रोग्राम सी मध्ये आहे नि बिलिंगचा पायथनमध्ये, दोन्ही एकाच लिनक्स कॉम्प्युटरवर. सध्या एक प्रोग्राम टेक्स्ट फाइलमध्ये वजन लिहितो, दुसरा दर सेकंदाला ती वाचतो, पण कधीकधी 18.46 च्या जागी नुसतं 18 येतं. भाचा म्हणतो शेअर्ड मेमरी वापर, सगळ्यात फास्ट. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, आधी ते 18 कुठून येतं ते सांगतो. एकाचं लिहून व्हायच्या आतच दुसरा फाइल वाचतो, म्हणून अर्धाच आकडा हाती लागतो. आजच्यापुरतं चालवायचं असेल तर वजन वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये पूर्ण लिहा, बंद करा नि मग रीनेम करून जुनीच्या जागी आणा, एकाच फाइलसिस्टिममध्ये रीनेम एका झटक्यात होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला एकतर जुनी फाइल पूर्ण दिसते नाहीतर नवी पूर्ण. पण दोन वाचनांच्या मधलं वजन निसटायचा धोका राहतोच.

भाच्याचं बरोबर आहे, शेअर्ड मेमरी, म्हणजे दोन्ही प्रोग्रामना एकत्र वापरता येणारा मेमरीचा तुकडा, सगळ्यात फास्ट, कारण डेटा इकडून तिकडे कॉपीच करावा लागत नाही. पण दोघांनी एकाच वेळी हात घालू नये म्हणून लागणारं तिथलं कुलूप (लॉक) तुम्हालाच सांभाळावं लागतं आणि कुलूप लावलेलं असताना प्रोग्राम मेला तर दुसरा ताटकळत बसतो. काट्याच्या चार आकड्यांसाठी एवढा व्याप कशाला? पाइप, म्हणजे एका प्रोग्रामचा डेटा थेट दुसऱ्यात सोडणारी नळी, सोपा आहे, 1973 पासून युनिक्समध्ये आहे, पण तो एकाच दिशेने चालतो, उद्या बिलिंगमधून काट्याला टेअर करायला (रिकाम्या क्रेटचं वजन वजा करून शून्यावर यायला) सांगायचं झालं की दुसरा पाइप घाला.

मी युनिक्स सॉकेट घेईन, म्हणजे एकाच कॉम्प्युटरवरच्या दोन प्रोग्रामना जोडणारी लाइन. दोन्ही दिशांनी बोलता येतं, सी आणि पायथन दोन्हीत तयार आहे, आणि पत्ता म्हणजे एक फाइलच, त्यामुळे कोणाला जोडू द्यायचं ते फाइलच्या परवानगीवरून ठरवता येतं. बिलिंग पुढेमागे दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाणार असेल तर मात्र आत्तापासूनच टीसीपी (नेटवर्कवरूनही चालणारं सॉकेट) घ्या, सध्या 127.0.0.1 वर, म्हणजे याच कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पत्त्यावर. दोन्हीकडे एक लक्षात ठेवा, अशा स्ट्रीम सॉकेटमधून डेटा सलग धारेसारखा येतो, एक वजन कुठे संपलं हे त्याला कळत नाही, प्रत्येक वजनानंतर नवी ओळ टाका आणि ओळ पूर्ण झाल्याशिवाय आकडा धरूच नका. युनिक्स सॉकेटची फाइल क्रॅशनंतर तशीच पडून राहते, सुरू होताना ती काढून टाका नाहीतर 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' येईल.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. बिलिंग बंद असताना काट्यावर क्रेट आला तर ते वजन कुठे जाणार? सॉकेट ते जपून ठेवत नाही, आणि तो शेतकऱ्याचा पैसा आहे. म्हणून पक्कं झालेलं वजन सी च्या प्रोग्रामने आधी एसक्यूलाइटच्या (एका फाइलमध्ये राहणाऱ्या छोट्या डेटाबेसच्या) टेबलात नंबरासकट लिहावं आणि सॉकेटवरून नुसती हाक मारावी, नवीन आलंय म्हणून. बिलिंगने कायम टेबलातूनच उचलायचं, शेवटच्या नंबराच्या पुढचं सगळं, आणि सुरू होतानाही तेच करायचं.

हंगामाआधी एकदा बिलिंग मुद्दाम बंद करून दहा क्रेट काट्यावर ठेवून बघा. परत चालू केल्यावर दहाच्या दहा वजनं आली पाहिजेत.